घाटनांदूरची सगळ्यात लहान रांग

माझा भाचा युवराज बीडला क्लासमध्ये गणित शिकवतो. त्यामुळे तो कुठल्याही रांगेत नुसता उभा राहत नाही. आधी हिशेब करतो, मग उभा राहतो. आजवर आपला हिशेब चुकलेला नाही, असं तो म्हणतो. रांगेतल्या इतरांना कुणी विचारलेलं नाही.

त्या दिवशी आम्ही घाटनांदूरला त्याच्यासाठी मुलगी बघायला निघालो होतो. आधीची सगळी स्थळं हातची गेलेली. मुलीचे वडील मोहनराव शिस्तीचे. फोनवर त्यांनी बजावलं होतं, "चारला या. चार म्हंजी चार." आणि युवराजची दाढी राहिलेली. बीडच्या सलूनमध्ये गर्दी दिसली, म्हणून त्यानं ती पुढं ढकलली होती.

घाटनांदूरच्या पेठेत तीन सलून शेजारी शेजारी. पहिल्यात पाच जण ताटकळत होते, दुसऱ्यात चार. तिसऱ्यात बाकावर एकच माणूस, मोबाइल बघत बसलेला.

"दहा मिनिटांत मोकळा होतो, मामा," युवराज म्हणाला.

"हितंच एवढं मोकळं कावून हाय, ते तर विचार."

"समोर आकडा दिसतोय, विचारायचं काय त्यात?"

खुर्ची रिकामी झाली. बाकावरचा माणूस उठला, दाराबाहेर गेला आणि ओरडला, "चला रे, आला नंबर!"

समोर उभ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून माणसं उतरायला लागली. बाकावरचा तो माणूस बजरंग मुकादम होता. त्याची टोळी दुसऱ्या दिवशी ऊसतोडीला निघणार होती. एकदा फडात शिरलं की कोयता तेवढा दिसतो, कात्री दिसत नाही. म्हणून सगळ्यांची कटिंग एकदाच उरकायची, असा दरसालचा रिवाज.

"अहो, पण रांगेत तर तुम्ही एकटेच होता!" युवराज म्हणाला.

"मंग? मुकादम येकटाच आसतोय. टोळी मागं आस्ती."

"माझी नुसती दाढी हो. मुलगी बघायला आलोय."

मुकादमानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कवापासून बघायलास?"

"सहा वर्षं झाली."

"मंग आजून तासाभरानं काय हुतंय बे?"

ट्रॉली हसली. युवराज दुसऱ्या सलूनमध्ये पळाला. तोवर तिथं नवी माणसं येऊन बसलेली. म्हणून तो पहिल्यात गेला, तर टोळीतले कंटाळलेले चौघं त्याच्या आधीच तिथं पोचलेले. मग पुन्हा दुसऱ्यात. पेठेत सगळ्यात जास्त वेळ उभा होता तो, आणि तिन्ही ठिकाणी शेवटचा.

साडेपाचला आम्ही दाढीसकट मोहनरावांच्या दारात उभे राहिलो. गाडी पंक्चर झाली, असं सांगायचं मी ठरवून ठेवलं होतं. पण मोहनरावांनीच हात जोडले.

"माफ करा पाव्हणं. दिपाली आजून आली न्हाई. दुपारीच पार्लरला गेलती."

मी पंक्चर गिळलं.

दिपाली आली तेव्हा दिवे लागले होते. तिच्या दोन भुवयांपैकी एकच कोरलेली होती. पोहे झाले, चहा झाला. मोहनराव म्हणाले, "काय इचारायचं आसंल तर इचारा."

मी घाईनं कप खाली ठेवला. मागच्या स्थळांना युवराजनं अपूर्णांक विचारले होते. आज मात्र त्यानं हळूच विचारलं, "पार्लरमध्ये तुमच्या पुढं किती जणी होत्या?"

"एकच. शेजारच्या पार्लरात चार होत्या, म्हणून इथं बसले."

"मग?"

"ती नवरी निघाली. मागनं करवल्या आल्या, मावश्या आल्या, आत्या आल्या."

"शेजारी नाही गेलात?"

"गेले की. दोनदा."

युवराजनं पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडं नीट पाहिलं. "मला पसंत आहे," तो म्हणाला.

"मुलीला कुणी इचारलंच न्हाई आजून," मोहनराव माझ्याकडं बघत म्हणाले.

दिपाली युवराजच्या दाढीकडं बघत होती. "तुमच्या पुढं किती होते?"

"एकच."

"मुकादम?"

त्यानं मान डोलावली. ती हसायला लागली, कोरलेल्या आणि न कोरलेल्या अशा दोन्ही भुवयांनी. मोहनरावांनी थोडा वेळ वाट बघितली. हसू थांबेना, तेव्हा त्यांनी आत बघून आणखी चहा टाकायला सांगितला.