मधल्या धरणाची दारं

एका नदीवर तीन धरणं होती आणि त्यांतून कधी किती पाणी सोडायचं, हे ठरवणारी पूरनियंत्रण कक्षातली अधिकारी एकच. ऑफिसात तिला सगळे मॅडम म्हणत. मधल्या धरणाचा अभियंता तेवढा चिमे म्हणायचा, तेही स्पीकरवर, सगळ्यांच्या देखत. सख्खा मोठा भाऊच तो.

"दादा, उद्या दुपारपासून डोंगरात जोराचा पाऊस आहे. वरचं धरण सोडावंच लागेल. त्याआधी तुझं दीड मीटर खाली आण. खालच्या धरणाने सकाळीच जागा केलीय."

"चिमे, उन्हाळ्यात चार दिवसांआड पाणी दिलं तेव्हा लोकांनी मला केबिनमध्ये कोंडलं होतं. भरलेलं धरण मी रिकामं करणार नाही."

"रिकामं कोण म्हणतंय? दीड मीटर!"

"लेखी आदेश पाठव."

"नऊला पाठवलाय!"

"स्कॅन केलेली सही चालत नाही."

तिने फोन ठेवला, तर पाणीपुरवठ्याचे साहेब लाइनवर. एक थेंबही वाया घालवू नका म्हणाले. मुख्य अभियंता बैठकीतून दोन मिनिटं बाहेर आले आणि सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "भाऊबहीण आहात ना? घरच्या घरी मिटवा."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. मूळ आदेशाचा कागद घेऊन ती जीपमध्ये बसली ती थेट मधल्या धरणावर उतरली.

दादा भिंतीवर दारांपाशी उभा होता. बाह्या वर, हात कोपरापर्यंत तेलाने काळे.

"ही घे शाईची सही. उघड आता."

त्याने मोटारींकडे बोट दाखवलं. तीन दारांपैकी दोन दारांच्या मोटारी जळालेल्या होत्या.

"कधीपासून?"

"दोन महिने."

"मग सकाळपासून पिण्याच्या पाण्याचं पुराण काय लावलंयस? सांगायला काय झालं होतं?"

"तीनदा लिहून सांगितलं," म्हणत त्याने फाइल पुढे केली. तिसऱ्या अर्जावर तिच्याच ऑफिसचा शिक्का होता. बाजूला तिच्याच अक्षरात 'पाहावे' आणि खाली छोटी सही. कोणी पाहावे, ते लिहिलेलंच नव्हतं.

तिने ती सही पुन्हा एकदा वाचली.

"फोनवर बोललो असतो तर सगळ्या ऑफिसासमोर तुझं नाव निघालं असतं," दादा म्हणाला. "स्पीकर तूच लावतेस. एकच दार उघडलं असतं तरी बाकीची का बंद, हे विचारलं गेलंच असतं. म्हटलं, तोवर खटपट करून मोटार चालू होतेय का बघू."

"आणि मला कधी सांगणार होतास? पाणी डोक्यावरून गेल्यावर?"

भांडत बसायला वेळ नव्हता. चालू असलेलं दार लगेच उघडलं. बाकीची दोन हातानेच उचलायची होती. हँडलचे पन्नास फेरे मारावे तेव्हा दार बोटभर हलायचं. दोघं कामगार, दादा आणि ती आळीपाळीने फिरवत राहिले. मध्येच तिने वरच्या धरणाला फोन करून उद्या दुपारपर्यंत थांबायला सांगितलं आणि नदीकाठच्या मंडईला माल हलवायला.

दुसऱ्या दुपारी पाऊस आला तेव्हा मधलं धरण मीटरभरच उतरलं होतं. मंडईच्या खालच्या गल्लीत गुडघाभर पाणी शिरलं. माल हललेला होता, माणसं सुखरूप होती. तिसऱ्या दिवशी तिन्ही धरणं पुन्हा काठोकाठ भरली.

चौथ्या दिवशी दोघांना नोटिसा आल्या. त्याला पाणी उशिरा सोडल्याबद्दल, तिला पिण्याचं पाणी सोडल्याबद्दल. दादा फोनवर खो खो हसला. तिला हसू येईना.

मोटारींचा अर्ज घेऊन ती स्वतः खरेदी विभागात गेली. कारकुनाने तो उलटसुलट पाहिला.

"मॅडम, हा जुना नमुना आहे. नवीन नमुन्यात आणा."

तिने खुर्ची ओढून त्याच्या टेबलासमोर बैठक मारली. "द्या नवीन. इथेच भरते. आणि सही होईपर्यंत हलत नाही."

सहीला साडेतीन तास लागले. मोटारी अकराव्या दिवशी आल्या.