देवाचा चमचा

महाराजांच्या मठात रडत आत गेलेलं मूल झोपून बाहेर येत होतं. एखाद-दुसरं नव्हे, सगळीच. रांगेतल्या बायका नुसत्या बघत राहिल्या होत्या.

"औषध डॉक्टरचं, चमचा देवाचा," महाराज लोण्यासारख्या आवाजात सांगत होते. "मी कोण देणार हो? बाटली तुमची, लेकरू तुमचं. फक्त ते प्लास्टिकचं टोपण इथं सोडा. यंत्रातून पडलेल्या वस्तूला माया कुठली?"

दाराशी टोपली होती, औषधाच्या बाटल्यांवरच्या मापाच्या टोपणांनी भरलेली. आत्यानेही आपलं टोपण त्यात टाकलं. खांद्यावर भाची खोकत होती. भाऊ-वहिनी दिवसभर कारखान्यात. पोरगी आत्याच्याच अंगाखांद्यावर वाढलेली.

आत महाराजांनी बाटलीतलं औषध चमच्याने भाचीला पाजलं आणि तो चमचा आत्याला दिला. त्या दिवसापासून नामस्मरण करून आत्या तो चकचकीत चमचा काठोकाठ भरून पाजायची. दिवसातून तीनदा, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. पोरगी गाढ झोपायची.

"वन्सं, तुमच्या हाताला यश आहे हो," वहिनी म्हणाली होती.

मग एका दुपारी पोरगी उठलीच नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. पोरगी गेली होती. त्यांनी विचारलं, "खोकल्याचं औषध किती देत होता?"

"तुम्ही सांगितलं तेवढंच. एक चमचा."

"कुठल्या चमच्यानं?"

आत्याने रुमालाची घडी उलगडून देवाचा चमचा पुढे केला. बाईंनी सुई नसलेल्या सिरिंजने पाच मिलिलिटर पाणी चमच्यात सोडलं. नुसता तळ भिजला. आणखी पाच. आणखी पाच. तेव्हा कुठे तो काठाला लागला.

"औषधाचा चमचा म्हणजे पाच मिलिलिटर. हा जेवणाचा मोठा चमचा आहे, पंधराचा. या औषधानं गुंगी येते. तिप्पट गेलं की लहान जिवाचा श्वासच मंदावतो."

"म्हणजे ती झोप..."

"झोप नव्हती ती."

वहिनीने आत्याकडे पाठ फिरवली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढे एके सकाळी आत्याने देवापुढे दिवा लावला, हात जोडले आणि ती रांगेपाशी गेली. महाराजांनी तिला ओळखलं.

"ताई, ऐकलं मी. श्रद्धा कमी पडली कुठेतरी."

"श्रद्धा पुरेपूर होती, महाराज. औषध जास्त झालं. टोपणं दाराशीच का काढून घेता, ते कळलं मला."

ती टोपलीजवळ बसली. एक टोपण पाचच्या रेघेपर्यंत पाण्याने भरून तिने चमच्यात ओतलं. एक. दोन. तीन. रांग पुढे सरायची थांबली.

नुकत्याच बाहेर आलेल्या एका आईच्या कुशीत बाळ निपचित होतं. "हलवून बघ गं त्याला," आत्या म्हणाली. आईने हलवलं, पुन्हा हलवलं. बाळाने जड डोळे उघडले. "आता इथं थांबू नकोस. तशीच दवाखान्यात जा."

मग ती बाकीच्यांकडे वळली. "देवाला मी आजही हात जोडते, बायांनो. पण मोजायचं काम त्याच्यावर टाकू नका. बघायला त्यानं डोळे दिलेत, टोपणावर रेघ आहे. चमत्कार दिसला की आधी मोजून बघा. मी नाही मोजलं."

एकेकीच्या हातात ती टोपण ठेवत गेली. टोपली रिकामी होत आली, तसं शेवटचं एक तिने भाचीच्या नावाचं म्हणून कुणाला दिलं नाही. मुठीत धरून ती घराकडे चालू लागली.