उघड्या हातांनी

"लेम, आणखी पुढं ये," कॅप्टन हॅडली तिसऱ्यांदा म्हणाला.

लेम्युएल ट्रास्क फलंदाजाच्या मागं वीस पावलांवर उभा होता. तिथं चेंडू टप्पा खाऊन, नरम होऊन हातात यायचा. पण आता शेवटचा डाव होता आणि दुसऱ्या तळावर पोचलेला समोरच्या संघाचा गडी तिसऱ्याकडं निसटायला टपला होता. त्याला रोखायचं तर बॅटच्या पाठीशी उभं राहून आपल्याच गोलंदाजाचा, डोलनचा, चेंडू थेट झेलायला हवा. उघड्या हातांनी. अठराशे पंचाहत्तर साली बेसबॉल असाच खेळायचे.

डोलन नुकताच हार्टफर्डहून आलेला. मागच्या शनिवारी त्याच्या चेंडूनं एकाचं बोट मोडलं, हाड कातडीबाहेर आलं. लेमनं ते जवळून पाहिलं होतं. लेम छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. त्याच्या बोटांवर घरची चार तोंडं जेवायची. आठवडाभर त्याला अन्न गोड लागलं नव्हतं.

त्यानं खिशातून हातमोजा काढला. त्याच्या बायकोनं, हेप्सीनं, जुन्या बुटाच्या चामड्याचा शिवलेला, बोटांसाठी भोकं ठेवलेला. डाव्या हातात चढवताच दोरीपलीकडच्या प्रेक्षकांत हशा पिकला.

"काय ट्रास्क, बायकोचा हातमोजा घालून आलास?"

"काढ ते," हॅडली दबक्या आवाजात म्हणाला. "गावाची लाज घालवतोस."

"हा काढला तर मी पुढं येणार नाही." लेमनं हातमोज्याची कड मनगटावर ओढून घेतली. "दुसरा कुणी उभा कर."

दुसरा कुणी पुढं झाला नाही.

लेम बॅटमागं वाकला. डोलननं हात फिरवला, फलंदाज चुकला आणि चेंडू तळहातावर असा बसला की दंडापर्यंत मुंग्या आल्या. डोळे उघडल्यावर त्याला कळलं, आपण ते मिटले होते. चेंडू हातातच होता. पुढचे दोन त्यानं उघड्या डोळ्यांनी झेलले. भीती तसूभरही कमी झाली नाही.

सामना जिंकला. त्याची पाठ मात्र कुणी थोपटली नाही.

तो कोट घालत असताना समोरच्या संघाचा ग्रिसवोल्ड आला. अठरा वर्षं तोही बॅटमागंच उभा राहत आलेला.

"बघू जरा."

आता हाही हसणार, असं वाटून लेमनं मान खाली घालूनच हातमोजा दिला.

"भीती वाटली?"

"अजून वाटतेय. तुम्हाला?"

"दर शनिवारी. सांगणार कुणाला?"

ग्रिसवोल्डनं हात आत घालून पाहिला. अंगठा गेला. बाकीची बोटं सांध्यांशी गाठाळलेली, चहूकडे वाकलेली. एकही भोकातून जाईना. त्यानं हात फिरवून पुन्हा पाहिलं. मग हातमोजा हलकेच परत दिला.

"टाके छान घातलेत बाईंनी," तो म्हणाला, आणि दोन्ही हात खिशात घालून आपल्या गाडीकडं चालू लागला.