कुणी जागं होता कामा नये

दाराआड उभी केलेली घडीची खाट. हिरवी.

टिनपाटावर चमचा पडावा तसा एक सूर.

प्यायला गरम पाणी. उन्हाळ्यातसुद्धा गरम पाणी.

"लोकर काय असते हे आम्हाला शिकवावं लागत नाही." हे वाक्य मी विमानात पाठ केलं होतं, चिनीत.

कारखान्याबाहेर मासळीच्या तळ्यात हवा खेळवणाऱ्या पंख्यांनी घुसळलेलं पाणी.

"ती झोपत नाही म्हणे!"

•

मी अल्माटीची. तिथल्या नाट्यगृहात पियानोंचा आवाज बसवत असे. पियानोच्या आत तारेवर लोकरीची हातोडी पडते. लोकर कडक झाली की सूर कर्कश होतो. मग हातोडीला सुया टोचून ती मऊ करायची. टोचायचं, ऐकायचं, पुन्हा टोचायचं. सूर जुळवणारे पुष्कळ भेटतात, आवाज बसवणारे थोडे. माझ्याइतका चांगला आवाज बसवणारे त्याहून थोडे. उगाच लाजून काय करू?

चीनमधल्या हुझोऊजवळच्या या गावातल्या पियानोच्या कारखान्यातून बोलावणं आलं तेव्हा नाट्यगृहातली बासरीवाली झिबेक म्हणाली, "वसंतात नौरीझच्या सणाला परत इथंच दिसशील तू."

मी तिला माझा हिवाळी कोट देऊन टाकला. परत येणारी बाई कोट देते का?

•

माझं नाव रौशन. पहिल्या जेवणातच त्याचं 'लुओ' झालं.

"लुओताई, घ्या की मासा! काटे थुंकायचे, लाजायचं नाही," आयफन म्हणाली. आयफन पियानोत तारा ओढायची आणि गावभरच्या बातम्याही तीच ओढून आणायची.

टेबलाच्या टोकाला मो मास्तर बसले होते. कारखान्यातला शेवटचा कान त्यांचा. पियानो पटला की पहिली पट्टी उपसून तिच्या पोटाला ते पेन्सिलीनं आपलं आडनाव लिहीत. नाव नसलेला पियानो फाटकाबाहेर जात नसे. माझंही तसंच ठरलं होतं. मी बसवलेल्या पहिल्या पियानोवर मास्तरांचं नाव पडलं तर मी राहणार, नाहीतर परत.

"परतीचं तिकीट आमच्याकडून," मालक हसत म्हणाले होते, जेवण देत असल्यासारखे.

•

अल्माटीत माझ्या खोलीला दोन दारं होती, दोन्ही जाड. इथं एकच लांबलचक दालन. त्यात करवत, रंगाचा पंप आणि आयफन. सूर माझ्या कानापर्यंत पोचायच्या आत फुटायचा.

"मला वेगळी खोली मिळेल का?"

"खोली?" मो मास्तर म्हणाले. "मी सारा जन्म इथंच ऐकत आलो."

•

दुपारची जेवणं झाली आणि करवत थांबली. कुणीतरी दिवे मालवले. दाराआडच्या खाटा भराभर उघडल्या. आयफननं हिरवी खाट माझ्यापुढे ढकलली.

"पडा, लुओताई."

"दुपारी झोपायला मी काय तान्ही आहे?"

मला वाटलं, यावरून मी कामसू दिसेन. आयफन रंगारी ताओकडे बघून काहीतरी पुटपुटली. मला त्यांची बोली कळत नव्हती, पण टोमणा कुठल्याही बोलीत कळतो.

आणि मग शांतता आली. पंप नाही, करवत नाही. मला माझ्या घड्याळाचीसुद्धा टिकटिक ऐकू येऊ लागली. माझ्या दोन जाड दारांमागेही अशी शांतता नव्हती. मी पियानोपाशी गेले आणि तो टिनपाटासारखा सूर दाबला.

"कोण मेलं?" ताओ उठून चपला शोधू लागला.

आयफननं तोंडावरचा टॉवेल काढला. "लुओताई, तुमच्याकडे झोपलेल्या माणसांना मारायची पद्धत आहे का?"

मो मास्तरांनी डोळे उघडले नाहीत. "झोप मोडलेला माणूस दुपारी करवतीवर बोट ठेवतो," ते म्हणाले. एवढंच.

मी झाकण लावलं.

•

(आता नव्या येणाऱ्यांना खाट मीच दाखवते. नको म्हणणारी माणसं मला आवडतात. त्यांच्यावर लक्ष ठेवते.)

•

पुढचे दिवस मी गोंगाटातच काम करत राहिले. पियानो बिघडत गेला. एका हातोडीला जास्त टोचलं, दुसरीला कमी. शेवटी मो मास्तर आले, उभ्या उभ्या दोन सूर वाजवले. पेन्सिल कानामागेच राहिली.

"ओरडतोय," ते म्हणाले. "तुमच्यासारखाच."

"मला शांतता हवी. ती इथं फक्त दुपारी असते."

"दुपार त्यांची आहे."

"मग कुणी जागं होणार नाही असं वाजवीन."

तोंडातून निघाल्यावर मला ते ऐकू आलं. माझ्या गर्वाला ही खोड आहे, तो माझ्याआधी बोलतो.

मास्तरांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "एक जरी उठला तरी झाकण बंद. आणि पुन्हा मागायचं नाही."

•

दिवे गेले. मी पायांतले बूट काढले.

पट्टी इतकी हलकी दाबायची की हातोडी तारेला नुसती शिवून यावी. जोरात वाजवलं की सगळेच सूर बरे लागतात, दोष आवाजात बुडून जातात. हळू वाजवताना लोकरीतली एकेक गाठ कळते. इथं टोच. इथं नको. माझी आई थापून थापून लोकरीचे नमदे, म्हणजे जाड गालिचे, करायची. कुठे लोकर दाटली आहे हे ती तळव्यानं सांगायची. मी ते कानानं सांगत होते.

ताओ घोरू लागला. दोन घोरण्यांच्या मध्ये मी एकेक सूर ठेवत गेले.

एकदा एक सूर जोरात उडाला. आयफननं कूस बदलली. मी सुई हवेतच धरून उभी राहिले. तिचा श्वास पुन्हा जड झाला.

अशा काही दुपारी गेल्या. मग एका दुपारी मी डावीकडच्या पहिल्या पट्टीपासून उजवीकडच्या शेवटच्या पट्टीपर्यंत सगळे सूर वाजवले, ओळीनं, हळू. एकही उडाला नाही, एकही बसका नाही. आयफनच्या तोंडातून लाळ गळत होती. नाट्यगृहातल्या टाळ्या मी ऐकल्या आहेत. त्या लाळेपुढे त्या काहीच नाहीत.

तेवढ्यात मला मो मास्तरांच्या चादरीतून बाहेर आलेला पाय दिसला. अंगठा हलत होता, माझ्या सुरांबरोबर.

मी झाकणाला हात घातला. "मास्तर, तुम्ही उठलात."

"उठलो नाही," ते पडल्या पडल्या म्हणाले. "मी झोपलोच नव्हतो. एकाही दुपारी नाही."

त्यांनी चपला घातल्या, पहिली पट्टी उपसली, पोटाला आपलं आडनाव लिहिलं. मग पेन्सिल माझ्यापुढे धरली.

"खाली जागा आहे."

मी पूर्ण नाव लिहिलं, आमच्या लिपीत, मोठ्या अक्षरात. रौशन. त्यांच्या नावापेक्षा जरा मोठंच झालं. मी ते खोडलं नाही.

दिवे लागले. आयफन जांभई देत उठली. "काय हो लुओताई, आज वाजवणार नाही का?"

"वाजवून झालं."

"थापा!"

मागाहून कळलं, हिरवी खाट माझ्यासाठीच होती, मला इथं आणणाऱ्या विमानाचं तिकीट काढायच्या आधीच विकत आणलेली.