कापडाच्या कात्रीने कापलेली कादंबरी

मी एक जुनी कात्री आहे. नुसती कात्री नव्हे हं, मित्रांनो, शिंप्याची कात्री! दहा इंच लांब, अंगाने जाडजूड आणि बोलायला तुमच्या कुठल्याही आत्याबाईपेक्षा तिखट. स्वयंपाकघरात दुधाच्या पिशव्या कापणाऱ्या त्या टिचभर कात्र्या माझ्या नात्यातल्या नाहीत, आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म भट्टीतला. लोहाराने मला तापवलं, ठोकलं, घासलं आणि दोन पाती एका स्क्रूने जोडून दिली. दुकानात मी काचेमागे पडून होते. एक दिवस एक तरुण शिंपी आला. त्याने मला उचललं, कानाजवळ नेऊन दोनदा उघडमीट केली, आवाज ऐकला आणि म्हणाला, "हीच द्या." पुढे सगळं गाव त्याला मास्तर म्हणू लागलं. मास्तरांनी माझ्या अंगठ्याच्या कडीला मऊ कापडाची पट्टी गुंडाळली. ती अजून आहे, फक्त रंग विचारू नका.

मास्तरांचा एक नियम होता. कापडाची कात्री कागदाला लावायची नाही, कागदाने धार जाते. खाकी कागदाचे नमुने कापायला वेगळी कात्री खिळ्याला टांगलेली असे. मास्तरांच्या लेकीने सात वर्षांची असताना मला वापरून कागदाची बाहुली कापली. मास्तर ओरडले नाहीत, पण दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. बिचारीने मला तेल लावून माझीच माफी मागितली होती.

मी किती कोट कापले, किती गणवेश, त्याला गणती नाही. लोक म्हणायचे, "मास्तरांच्या हाताला तोड नाही." हात, हात आणि हात! त्या हातात काय होतं हे कुणी विचारलं नाही. जाऊ दे. जगाची रीतच ती.

पुढे तयार कपडे आले. मास्तरांची बायको आजारपणात गेली. मग मास्तरांची नजर अधू झाली आणि दुकान लेकीकडे आलं. आता कामं म्हणजे पँटची उंची कमी करा, चेन बदला. दोन गिऱ्हाइकांच्या मधे ही पोरगी वहीत काहीतरी लिहीत बसायची. मला वाटलं, मापं असतील. कसली मापं! कादंबरी होती. तीन वर्षांत चार जाडजूड वह्या भरल्या.

ऐकणारे एकटे मास्तर. ते कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून बोटांनी चाचपून बटणं निवडत असत. गोष्ट एका शिंप्याची आणि त्याच्या मुलीची होती.

"काल्पनिक आहे हं, बाबा," ती म्हणायची.

"हो का? मग तो म्हातारा माझ्यासारखा खोकतो कशाला?"

त्यात एक प्रकरण होतं, अठरा पानांचं, वह्या संपल्यावर आधीच्या पानांच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर लिहिलेलं. आई गेलेल्या दिवशी मुलगी दवाखान्यातून घरी येते आणि बघते तर बाप कापड कापत उभा. 'हा माणूस की दगड?' असं तिने लिहिलं होतं. तेही तिने वाचून दाखवलं. मास्तर बटणं निवडत राहिले. इतकंच म्हणाले, "पुढे वाच."

मला तेव्हा ओरडून सांगावंसं वाटलं की बाई, त्या दिवशी मी त्या हातात होते! पण कात्रीचं कोण ऐकतं?

मग एका प्रकाशकाची जाहिरात आली. पहिली कादंबरी पाठवा, दोनशे पानांच्या आत, महिनाअखेरपर्यंत. हिची पानं चारशे.

"एक ओळ कमी होणार नाही," ती म्हणाली.

"अगं पोरी, कापड उरलं म्हणून शर्टाला तिसरी बाही लावतेस का?" मास्तर म्हणाले.

ती रुसली. दोन दिवस मुकाट्याने पँटी दुमडत राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने वह्या उसवल्या, पानं टेबलावर पसरली आणि खडूने खुणा केल्या. हे ठेवायचं, हे काढायचं. कागदाच्या कात्रीचा स्क्रू नेमका त्याच आठवड्यात तुटलेला. सवयीने तिचा हात माझ्याकडे आला.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला! चाळीस वर्षं जपलेली धार आणि हिने ती वहीच्या पानांवर घासली. कर्रर्र, कर्रर्र. ठेवायचे तुकडे तिने टाचण्यांनी जोडले. नको ते जमिनीवर पडले आणि कापडाच्या कातरणीबरोबर झाडून पोत्यात गेले. शनिवारी गादीवाला आला आणि नेहमीसारखं पोतं उशांत भरायला घेऊन गेला.

रविवारी ती जोडलेली कादंबरी वाचून दाखवू लागली. मास्तर ऐकत होते. मग म्हणाले, "तुझी आई गेली, ते कुठे गेलं?"

तिने पान उलटलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. कापडावर एका बाजूला खुणा करायच्या आणि कापायचं, हा शिंप्याचा हात. कापडाच्या मागे हरवण्यासारखं काही नसतं. कागदाच्या मागे होतं. पुढच्या बाजूचा पाल्हाळ कापताना मागची अठरा पानं कापली गेली होती. उरल्या होत्या चार-दोन ओळी, मधे मोठमोठी भोकं.

ती धावत गादीवाल्याकडे गेली. उशा भरून झाल्या होत्या, विकूनही झाल्या होत्या.

"संपलं, बाबा," परत येऊन ती म्हणाली. "सहा दिवस उरलेत. ते प्रकरण नसेल तर पुस्तकात राहिलं काय? नाही पाठवत मी."

मास्तरांनी बटणांचा डबा बंद केला.

"त्या दिवशी मी काय कापत होतो, लिहिलं होतंस?"

"कोट. कुणाचा तरी."

"दोन्ही बाह्या डाव्या कापल्या मी."

तिला कळेना. मास्तर उठले, चाचपडत कपाटापर्यंत गेले आणि खालच्या खणातून एक पुडी काढली. आत करड्या कापडाच्या दोन बाह्या होत्या, न शिवलेल्या. तिने त्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्हींचा बाक एकाच बाजूला होता.

"दुसऱ्या बाहीसाठी नमुना उलटायचा राहिला. इतक्या वर्षांत एकदाच," मास्तर म्हणाले. "दवाखान्यातून आलो. काय करायचं सुचेना. या हातांना दुसरं येतं काय? तेही धड जमलं नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू कधी विचारलंस?" ते म्हणाले. "दगड लिहिलंस. म्हटलं, तसंच दिसलं असेल तुला."

पोरगी बाह्यांवर डोकं ठेवून रडली. मलाही रडू आलं असतं, पण मी गंजले असते ना!

त्या प्रकरणासाठी तिला दोन दिवस लागले. अठरा पानांची तीन झाली. दगड हा शब्द त्यात नव्हता. कादंबरी एकशे शहाण्णव पानांची भरली आणि मुदतीच्या आदल्या दिवशी टपालात पडली.

आठ महिन्यांनी छापील पुस्तक घरी आलं. मास्तरांना अक्षरं दिसत नव्हती. त्यांनी पुस्तकाच्या कडेवरून बोट फिरवलं. "कापणी सरळ आहे," म्हणाले. मग म्हणाले, "ती तीन पानं वाच." त्या दिवशी मांडीवर बटणांचा डबा होता, पण त्यांनी उघडला नाही.

आणि माझं काय झालं? धारवाल्याने मला डोळ्यांजवळ धरून मान हलवली. "हिने कागद कापलाय. मास्तरांच्या दुकानात?"

"मीच कापला," मास्तर म्हणाले.

माझा सगळा राग तिथेच गेला, खोटं कशाला बोलू? धार परत आली, पण रेशमाला चालेल अशी नाही. आता मी कागदाच्या कात्रीच्या खिळ्यावर टांगलेली असते. दुसरी कादंबरी सुरू झाली आहे. पोरगी आता पानाच्या एकाच बाजूला लिहिते. तेल मात्र मला महिनोन्‌महिने मिळत नाही. पूर्वी दर सोमवारी मिळायचं.

मित्रांनो, घरातल्या जुन्या कात्रीला अधूनमधून पुसा, स्क्रूवर तेलाचा थेंब सोडा. आणि काहीही कापण्याआधी एकदा उलटून बघत जा. मास्तरांचं ते एकदा राहिलं, पोरीचंही एकदा राहिलं. त्या दोन डाव्या बाह्या माझ्या शेजारच्या खिळ्यावर आहेत. दुकान बंद करताना ती रोज त्यांच्यावरची धूळ झटकते.