देवाचं झाड

रायबा मॅट्रिक झाला ही बातमी वेल्ह्याच्या डोंगरावरल्या धनगरवाड्यात पोचली, तेव्हा कुणी पेढा मागितला नाही. वाड्याचे कारभारी कोंडिबा पानाला चुना लावत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजी आता शाळा सरली? मग घरीच ऱ्हाईल न्हवं?" प्रश्न साधाच होता, पण म्हातारा बघत होता रायबाच्या बापाकडे. सावळा खाली मान घालून म्हणाला, "व्हय, घरीच."

भोरला एका वाण्याच्या ओसरीत झोपून, त्याची भांडी घासून रायबा शिकला, ते काही शेरडांमागं फिरायला नव्हे. पुण्याला मास्तरकीच्या ट्रेनिंगला त्याचं नाव लागलं होतं. जूनमध्ये हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याची. "तुमच्या डोंगरावर उद्या शाळा निघाली तर मास्तर कुठून आणायचा? तूच हो," असं भोरचे गुरुजी म्हणाले होते आणि त्या एका वाक्यावर पोरानं अख्खं वर्ष काढलं होतं.

अडचण होती ती देवाची. वाड्याचा बिरोबा ज्याच्या अंगात येई त्याला देवाचं झाड म्हणत, आणि झाड पिढ्यानपिढ्या सावळाच्याच घरात. शेवटचं झाड म्हणजे रायबाचा चुलत आजा, बिरूआजा. तो थंडीत वारला आणि त्यानंतर देव कुणाच्याच अंगात येईना. वाड्याची रीत अशी, की देव नवं झाड धरेपर्यंत त्या घरच्या कुणी नदीपलीकडं बिऱ्हाड करायचं नाही. देव शोधत यायचा आणि माणूस जागेवर नसायचा! रायबाला परीक्षेपुरती सूट मिळाली, तीही कोंडिबांनी कुरकुरतच दिली होती.

त्यात वाड्यात सगळं आक्रीत घडायला लागलं. शेळ्या गाभडल्या. दारातला कुत्रा भरदिवसा नाहीसा झाला, नुसता पट्टा सापडला. वरच्या झऱ्याचं पाणी गढूळलं आणि गढूळच राहिलं. बाया पोरांना अंगणाबाहेर सोडेनात. लोकांना यात देवाचा कोप दिसत होता आणि रायबाला बिबट्या. चार बुकं शिकलं की माणसाला असं भलतंच दिसू लागतं.

बापाशी बोलण्यात अर्थ नव्हता. "पानशेतला धरणाचं काम निघालंय, तितं हजेरी मांडायला तरी जाऊ का?" असं त्यानं चाचपून पाहिलं, तर सावळा दचकून इकडंतिकडं बघायला लागला. "हळू बोल. नदीपल्याडचं नाव बी काढू नगं."

शेवटी रायबा आईकडं गेला. सारजाबाई गोठ्यात म्हशीची धार काढत होती. त्यानं आधी घोळवून सांगितलं, मग सरळच बोलला. "आये, देवानं झाड धरलं की आमी बाकीचे मोकळे. व्हय ना?"

"व्हय."

"मग तूच हो की झाड. तू बी ह्या घरचीच. रविवारी देवळात ढोल वाजला की केस सोड आन् घूम. मी पुण्याला पोचलो की दोन म्हयन्यांनी म्हण, देव गेला."

सारजाबाईचे हात थांबले. म्हशीनं पाय आपटला तरी ती हलली नाही. "देवाची थट्टा करतुयास?"

"थट्टा न्हाई गं. बिरूआजा तरी काय करायचा? समदं सोंग असतंय. गुरुजी बी तसंच म्हणत्यात."

"तुला बिरूमामांचं काय ठावं? ते झाड झालं तवा तू जल्माला बी न्हवतास." तिनं पुन्हा धार काढायला घेतली. मग तिनं विचारलं, "मास्तर झालास तर ह्या शेरडांमागं फिरायचं टळंल?"

"कायमचं."

"बगू," ती म्हणाली. रायबाला वाटलं, घोडं गंगेत न्हालं.

रविवारी दुपारी देवळासमोर सगळा वाडा जमला. ढग डोंगराला टेकले होते आणि त्यात ढोलाचा आवाज कोंडल्यासारखा वाटत होता. कौल लावण्याची तयारी चालली होती. तेवढ्यात बायकांतून एक हुंकार आला. सारजाबाई उभी राहिली, तिचा अंबाडा सुटला आणि ती घुमू लागली. रायबानं मनात शाबासकी दिली. सोंग इतकं बेमालूम, की त्याच्या स्वतःच्या अंगावर काटा आला. सावळा तर बायकोच्या पायाशी आडवाच झाला.

कोंडिबा मात्र जागचे हलले नाहीत. "बाईमाणूस झाड झाल्यालं आमी आयकलं न्हाई," ते म्हणाले. "पन देवाची मर्जी. परीक्षा हुईल. कापूर आना."

परीक्षा? रायबानं शेजारच्या गेनबाला विचारलं. गेनबानं बोट ओठावर ठेवून कुजबुजत सांगितलं, की तळहातावर कापूर पेटवतात. पार विझेपर्यंत हात हलला नाही तर देव खरा, हलला तर ढोंग. बिरूआजाची परीक्षा झाली तेव्हा गेनबा पोरगा होता, पण करपल्याचा वास अजून विसरला नव्हता. "आन् तुजी आई तवा नवी नवरी होती," तो म्हणाला. "पुढंच बसली होती."

रायबानं आईकडं पाहिलं. सगळा वाडा कापराकडं बघत होता, आणि तिनं मात्र कुणी न सांगता उजवा हात पुढं केला होता. तिला गोठ्यातच ठाऊक होतं. अडाणी समजलेल्या बाईला सगळं ठाऊक होतं आणि मॅट्रिक झालेल्याला काही नाही!

कोंडिबांनी तिच्या तळहातावर कापराचा ढीग ठेवला आणि काडी ओढली. रायबा ताडकन उठला. "थांबा! ती..."

"खाली बस!" सारजाबाई ओरडली.

तो आवाज बाईचा नव्हताच, असं लोक नंतर म्हणाले. रायबाला तो ओळखीचा वाटला. लहानपणी तो चुलीजवळ रांगत गेला की ती अशीच ओरडायची. तो बसला. एक शब्द बोलला असता तर आईचा हात वाचला असता, वाड्यानं दोघांना जोड्यानं मारलं असतं आणि तो जन्मभर शेरडांमागं फिरला असता. तो बोलला नाही. पुणं त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. कापूर जळत राहिला, हात तसाच राहिला आणि गेनबानं सांगितलेला वास रायबाच्या नाकात शिरला.

"बिरोबाच्या नावानं चांगभलं!" वाडा गरजला. म्हातारे रडले. कोंडिबांनी स्वतः तिच्या हाताला तूप-हळद लावली आणि रायबाच्या खांद्यावर हात ठेवला. "जा बाबा खुशाल. तुमचं घर मोकळं झालं."

"कारभारी, देव... परत कदी जातो?" रायबानं विचारलं.

"बिरूबाचा गेला तो मयतीच्या दिशी," कोंडिबा म्हणाले. "झाडानं आता देवळातच ऱ्हायाचं, आपलं आपन रांधायचं. झाडाला ना घर, ना दादला, ना ल्येक."

निघायच्या दिवशी सकाळी सावळा ट्रंक डोक्यावर घेऊन पुढं उतरला. नसरापूरला यष्टी गाठायची होती. रायबा एकटा देवळाकडं वळला. डोंगर धुक्यात बुडाला होता आणि आसपास चिटपाखरूही नव्हतं. सारजाबाई तीन दगडांची चूल डाव्या हातानं पेटवत होती. उजव्या हाताला हळदीनं पिवळी झालेली चिंधी होती.

"आये, निघतो." तिनं वर पाहिलं नाही. "मास्तर झालो की तुला घिऊन जाईन. खरंच. आये, हितं कुनी न्हाई. आता बोल की."

ती उठली. भंडाऱ्याच्या वाटीत तिनं बोट बुडवलं आणि त्याच्या कपाळाला लावलं. मग ती त्याच्याकडं निरखून बघत राहिली. रायबा तिच्या डोळ्यांत शोधू लागला. एखादी खूण, एवढंसं हसू, गोठ्यातली ती बाई. त्याला काही सापडेना.

"ग्वाड पोर हाये," ती म्हणाली. वाटसरूला विचारावं तशा मायेनं तिनं विचारलं, "कुनाचं रं तू?"