शेरा : स्वच्छ

तिसरा सिगार निम्मा जळाला, तरी मास्तरांना कसलीच चव लागेना. त्यांनी धूर तोंडात घोळवला, थोडा नाकातून सोडला, डोळे मिटले. गरम हवा. जिभेवर किंचित कडवटपणा, घशाशी चुणचुण. बस्स. त्यांनी कोमट पाण्याचा घोट घेतला, पावाचा कोरडा तुकडा चघळला आणि कागदावर लिहिलं, 'सुरुवातीला देवदार, मध्ये कोको, शेवटी मिरी.' याच मळ्याच्या पानांबद्दल सहा वर्षांपूर्वी त्यांनीच लिहिलेल्या या ओळी. कुठला माल येणार ते आडून विचारून, आदल्या संध्याकाळी जुनी वही काढून त्यांनी त्या पाठ केल्या होत्या.

सिगारच्या त्या कारखान्यात मास्तर एकतीस वर्षं चव पारखत होते. रोज सकाळी दहाला नाव-पट्टी नसलेले पाच सिगार त्यांच्यापुढे येत. धूर सहज ओढला जातो का, राख पांढरी पडते का, वरचं पान सारखं जळतं की एका अंगाने धावतं, हे कोणीही चार महिन्यांत शिकेल. धुरात काय दडलंय ते सांगणं मात्र नाकाचं काम. जीभ कडू-गोड सांगून मोकळी होते. बाकी सगळा कारभार नाकाचा. पान कुठल्या उतारावरचं, किती वर्षं मुरलेलं, हे मास्तर एका झुरक्यात सांगत. कामगार पाठीमागे त्यांना 'नाकोबा' म्हणत. ते मास्तरांच्या कानावर होतं, आणि खोटं कशाला बोला, त्यांना ते आवडायचंही.

तीन आठवड्यांपूर्वी ते तापाने पडले. ताप उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. साबण, रॉकेल, स्वतःचा घाम, सगळं एकाच मापाचं झालं. डॉक्टर म्हणाले, "येईल परत. कदाचित नाही येणार. वाट बघायची." मास्तर वाट बघत होते, आणि तोवर कागद भरत होते.

घरात पहिल्यांदा बायकोला कळलं. रविवारी दुपारी ते निवांत चहा पीत बसले होते. तिने स्वतःचा कप तोंडाला लावला आणि तसाच मोरीत ओतला.

"अहो, दूध करपलंय! आणि तुम्ही मिटक्या मारत पिताय?"

मास्तरांनी कप खाली ठेवला. तिने खुर्ची ओढली आणि समोर बसली.

"कधीपासून?"

"तापापासून."

"ऑफिसात सांगितलंत?"

"काय सांगू? सुताराने सांगायचं, मला हात नाहीत म्हणून?"

"आज ना उद्या कळेलच की. झाकली मूठ किती दिवस झाकणार?"

"वास परत येईपर्यंत," मास्तर म्हणाले आणि उरलेला चहा हट्टाने संपवला.

त्याच आठवड्यात पानघरातल्या ताई चवीच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पानघर त्यांच्या ताब्यात होतं. तंबाखूची पानं थप्पी रचून मुरवायची, उलटायची, ओल सांभाळायची, यात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. बोलणं मोजकं, हात खरखरीत, आणि स्वतःबद्दल विश्वास कमीच. बरोबर असल्या तरी आधी 'माझं चुकत असेल' म्हणायच्या.

"मास्तर, अकरा नंबरच्या थप्पीतल्या पानांचे नमुन्याचे सिगार आलेत ना तुमच्याकडे? जरा नीट ओढून बघा. माझं चुकत असेल, पण तळाच्या पानांना कोंदट वास येतोय. भिंतीची ओल धरली की काय कोण जाणे."

मास्तरांनी त्यांच्यासमोरच सिगार पेटवला. एक झुरका, दुसरा, तिसरा. ताई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. माल थांबवायला एक शब्द पुरला असता. पण मग प्रश्न आले असते: कोंदट म्हणजे किती, बुरशी की नुसती ओल? आणि त्यांना तर धूर आणि वाफ यातला फरकही कळत नव्हता.

"ताई," ते म्हणाले, "तुमच्या नाकाला पानघराची सवय झालीय. काही नाही यात."

"नक्की ना?"

"एकतीस वर्षं काय मी इथे माशा मारतोय?"

ताई ओशाळून हसल्या. "तसं नाही हो. तुम्ही म्हणताय म्हणजे झालंच." त्या गेल्या. मास्तरांनी कागदावर शेरा मारला, 'स्वच्छ', आणि खाली सही केली. सही नेहमीपेक्षा ठळक उठली.

अडीच महिन्यांनी त्या मालाची खोकी परत आली. एका जुन्या गिऱ्हाइकाने लिहिलं होतं की सिगारला बंद तळघराचा वास येतोय. मग दुसऱ्याचं पत्र, मग तिसऱ्याचं. मॅनेजरसाहेबांनी मास्तरांना आणि ताईंना बोलावलं. टेबलावर उघडं खोकं होतं, शेजारी मास्तरांच्या सहीचा कागद.

"चव बघितली तेव्हा माल स्वच्छ होता," साहेब ताईंना म्हणाले. "त्यानंतर तीन आठवडे थप्पी तुमच्याकडे होती. काय केलंत तिचं?"

मास्तरांना वाटलं, आता ताई बोलणार. त्यांनी बोलायलाच हवं होतं.

ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "मला आधीच शंका आली होती साहेब. पण मास्तरांनी ओढून बघितला, माझ्यासमोर. ते स्वच्छ म्हणाले म्हणजे तेव्हा स्वच्छच असणार. नंतरच काहीतरी झालं असेल. पंखा बंद राहिला असेल. माझीच नजर चुकली."

"मग पुढच्या सोमवारपासून पानघर दुसऱ्या कोणाकडे द्यावं लागेल. तुम्ही घरी बसा."

"बरं," ताई म्हणाल्या. एवढंच. आणि वळल्या.

मास्तरांना वाटलं, ताईंनी चार शिव्या दिल्या असत्या तरी सोसलं असतं. पण त्या तर मास्तरांच्या नाकाची साक्ष काढत होत्या, आणि ते नाक कधीच मेलं होतं.

"थांबा ताई," ते म्हणाले. "साहेब, या खोक्यातला एक आणि आजच्या चांगल्या मालातला एक, दोन्ही पेटवून मला द्या. कुठला कुठला ते सांगू नका."

"हे काय नवीन?"

"द्या तर खरं."

साहेबांनी दिले. मास्तरांनी एक ओढला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. खोलीत कोंदट घाण पसरली असावी, कारण साहेबांनी रुमाल नाकाला लावला होता. ते बघून मास्तरांनी उत्तर ओळखलं असतं. त्यांनी मान खाली घातली.

"मला नाही कळत. दोन्ही सारखेच आहेत. साडेतीन महिने झाले, मला कसलाच वास येत नाही. ताईंनी सांगितलं होतं. खोटा शेरा मी मारला."

साहेबांनी तो सहीचा कागद घडी करून खणात टाकला आणि म्हणाले, "मास्तर, निदान तुम्ही तरी..." मग ते ताईंकडे वळले. "सोमवारचं विसरा."

बाहेर जिन्यापाशी मास्तरांनी ताईंना गाठलं. वाटलं होतं, त्या रडतील, निदान हायसं वाटल्याचं तरी दिसेल. ताईंचा चेहरा दगडासारखा झाला होता.

"माफ करा म्हणायला आलात?"

"हो."

"नोकरी गेली असती तरी चाललं असतं मला," ताई म्हणाल्या. "पण तीन आठवडे मी माझ्या नाकाला खोटं ठरवलं, मास्तर. पानं हातात घ्यायची, वास यायचा, आणि मी म्हणायचे, गप, तुला काय कळतंय. तुमच्या शब्दाखातर." आणि त्या जिना उतरून गेल्या.

मास्तरांना महिनाअखेर मोकळं करायचं ठरलं. चवीच्या खोलीत ताईंना बसवायचं, आणि तोवर मास्तरांनी त्यांना शिकवायचं. ताई पहिल्या दिवशी समोर बसल्या आणि म्हणाल्या, "शिकवा. पण कामापुरतंच बोलू."

तसंच चाललं. ताई ओढत आणि जे येईल ते सांगत. मास्तर त्याला नाव देत आणि कागदावर उतरवत.

"जुनं कपाट उघडल्यासारखं."

"देवदार."

"भाजलेलं काहीतरी. कडू, पण हवंसं."

"कोको. फार भाजलेलं असेल तर कॉफी म्हणा."

"नवी चप्पल."

"चामडं." मास्तर हसले. ताई हसल्या नाहीत, पण पुढच्या वेळी 'मोच्याचं दुकान' म्हणाल्या तेव्हा त्यांच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. त्या सांगत तेव्हा मास्तरांना क्षणभर भास व्हायचा, कपाट उघडतंय, तवा तापतोय. मग पुन्हा नुसती गरम हवा.

शेवटच्या दिवशी पाचवा सिगार ताईंनी पेटवला. मास्तर पेन्सिल धरून तयार होते. ताईंनी दोन झुरके घेतले, डोळे मिटले. तिसरा घेतला. धूर त्यांच्या चेहऱ्यासमोर रेंगाळला. त्या कुठेतरी लांब गेल्या होत्या. मग डोळे न उघडताच त्यांनी हात पुढे केला. मास्तरांनी पेन्सिल त्या हातात ठेवली. ताईंनी कागद स्वतःकडे ओढला आणि भराभर लिहू लागल्या, एक ओळ, दुसरी, तिसरी. कोणाला काही न विचारता.

मास्तर उठले. सिगारवर बोटभर लांब पांढरी राख उभी होती. ती पडू नये म्हणून त्यांनी दार अगदी हळू ओढून घेतलं.